माळ्यावर सापडलेला लाकडी कॅमेरा खरंच लाखोंचा असतो का? किंमत ठरते ती अशी

फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. तीन पायांच्या स्टँडवर उभा केलेला लाकडी कॅमेरा, पुढे पितळी लेन्स, मध्ये हार्मोनियमसारखा काळा भाता. खाली ओळ असते, "आजोबांच्या स्टुडिओतला आहे, किंमत किती येईल?" मग कमेंटमध्ये लिलाव सुरू होतो. कुणी म्हणतं पाच लाख, कुणी म्हणतं "लंडनला न्या, कोटीत जाईल", आणि एखादा हमखास लिहितो, "भाऊ, इनबॉक्स चेक करा."

धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. तालुक्याच्या गावांतले जुने फोटो स्टुडिओ एकेक करून बंद झाले किंवा मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सच्या दुकानांत बदलले. घरं पाडून नवी बांधताना माळ्यावरचं सामान खाली येतं आणि त्यातलं काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं, याचा निर्णय एका दुपारी होतो. त्या दुपारी चुकीची माहिती असली की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कुणी दहा हजारांची वस्तू पाचशेला देऊन टाकतं, तर कुणी दहा लाखांच्या आशेने ती वीस वर्षं गोणपाटात गुंडाळून वाळवीला खायला घालतं.

तर आधी हे यंत्र नेमकं काय आहे ते बघू.

याला फील्ड कॅमेरा म्हणतात, म्हणजे स्टुडिओबाहेर नेता येईल असा घडीचा कॅमेरा. मागे एक चौकट, पुढे एक चौकट, दोन्हींना जोडणारा भाता आणि खाली सरकणारी पाटी. मागच्या चौकटीत दुधी काच असते. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेवर पडलेली प्रतिमा बघतो. ती उलटी दिसते, डोकं खाली आणि पाय वर. पितळी चाक फिरवून चित्र स्पष्ट झालं की लेन्सवर झाकण घालायचं, दुधी काच बाजूला करून तिथे प्लेटची बंद पेटी सरकवायची, पेटीचा पडदा वर ओढायचा आणि झाकण काढून मनात आकडे मोजायचे. "हलू नका" हे वाक्य इथून आलं. तो खरोखरचा हुकूम होता, कारण एखाददोन सेकंद माणूस हलला तर चेहरा पुसट यायचा.

प्लेट म्हणजे काच. काचेवर रसायनाचा थर आणि त्यावर निगेटिव्ह. कॅमेऱ्याचा आकारही प्लेटवरून सांगतात. क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा, फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. तुमच्याकडचा डबा कुठला, हे मागची दुधी काच मोजली की कळतं. ही पहिली पायरी, आणि तिला फूटपट्टीशिवाय काही लागत नाही.

निजामाच्या मुलखात कॅमेरा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. धाराशिवचा परिसर मात्र तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. जेम्स बर्जेस यांच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८७५-७६ च्या मोसमात या मुलखाची पाहणी केली आणि १८७८ मध्ये छापलेल्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांची नोंद केली. त्या काळात फोटो काढायचा म्हणजे ओल्या प्लेटची पद्धत. काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. त्यामुळे फोटोग्राफरबरोबर अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी असा सगळा लवाजमा चालायचा. पाण्याची टंचाई असलेल्या बालाघाटाच्या डोंगररांगांत हे काय दिव्य असेल, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चित्र पालटलं ते कोरड्या प्लेटमुळे. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या थराची कल्पना मांडली आणि १८७०चं दशक संपता संपता तयार कोरड्या प्लेट बाजारात विकत मिळू लागल्या. तंबू गेला. कॅमेरा हलका, घडीचा झाला आणि हजारोंच्या संख्येने बनू लागला. आज माळ्यावर सापडतात ते बहुतेक कॅमेरे या कोरड्या प्लेटच्या काळातले किंवा त्यानंतरचे. तेरच्या प्राचीन अवशेषांवर हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात लिहिलं, तोवर कोरडी प्लेट सगळीकडे रुळली होती.

निजामाच्या राज्यातलं या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा हा माणूस इंदूरला नोकरी करता करता फोटोग्राफर झाला, सहावा निजाम महबूब अली खान याचा दरबारी फोटोग्राफर बनला आणि १८९६ मध्ये त्याने मुंबईत स्टुडिओ थाटला. त्याच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काम टिकलं ते काचा टिकल्या म्हणून. कॅमेरा कुठला होता हा त्यात दुय्यम भाग आहे. किमतीचा विचार करताना हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग किंमत कशावरून ठरते?

वय जास्त म्हणजे किंमत जास्त, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. लाकडी कॅमेऱ्यांची दुनिया नीट बघितली तर उलटंच दिसतं. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टर कंपनीचा 'इन्स्टँटोग्राफ' किंवा मँचेस्टरच्या थॉर्नटन-पिकार्डचा 'रुबी' सव्वाशे वर्षांचा असू शकतो, पण ते हौशी लोकांसाठी भरपूर बनवलेले कॅमेरे होते. आजही ब्रिटनमधल्या लिलावांत असे साधे हाफ प्लेट कॅमेरे शंभर-दोनशे पौंडांच्या आसपास जातात. म्हणजे एखाद्या बऱ्या मोबाईलच्या किमतीत.

बातम्यांत येतात ते आकडे वेगळ्या वस्तूंचे असतात. १८३९ मध्ये पॅरिसच्या जिरू यांनी बनवलेला, खुद्द डागेर यांची सही असलेला लाकडी कॅमेरा २०१० मध्ये व्हिएन्नातल्या लिलावात ७ लाख ३२ हजार युरोंना गेला. तो जगात विक्रीसाठी बनवलेल्या पहिल्या कॅमेऱ्यांपैकी एक. २०२२ मध्ये १ कोटी ४४ लाख युरो मिळाले ते लायका कंपनीच्या एका नमुन्याला. तो तर लाकडी नव्हताच, आणि वयानेही लहान. फक्त मोजकेच नग बनलेले आणि त्यातला हा नग कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बर्नाक स्वतः वापरायचा. ही बातमी वाचून माळ्यावरच्या डब्याची किंमत लावणं म्हणजे तेंडुलकरची बॅट कितीला गेली हे बघून गल्लीतल्या बॅटचा भाव ठरवणं.

भारतात सर्वसाधारण, पूर्ण अवस्थेतला लाकडी कॅमेरा काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत जातो. वरची उडी क्वचित, आणि तिला कारण लागतं. ते कारण बहुतेक वेळा पुढच्या पितळी नळीत असतं.

लेन्स. इथे थोडं थांबायला हवं, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. जुन्या फोटोग्राफरने डबा एका ठिकाणी आणि लेन्स दुसऱ्या ठिकाणी घेतलेली असायची. लाकडाचं काम सुतार करू शकतो, काच घासून लेन्स करणं त्याच्या हातचं नाही. म्हणून देशी डब्यावर लंडनच्या डॉलमायर किंवा रॉसची, नाहीतर जर्मनीच्या झाइस, फॉइग्टलेंडर किंवा गोर्ट्झची लेन्स दिसते. लेन्सच्या कडेवर नाव, नंबर आणि कधी कधी प्रकारही कोरलेला असतो. 'रॅपिड रेक्टिलिनियर' असेल तर ती १८६६ नंतरची, 'टेसर' असेल तर १९०२ नंतरची. नंबरावरून बऱ्याच कंपन्यांच्या लेन्सचं साल काढता येतं. डॉलमायरच्या जुन्या नोंदवह्या तर लंडनच्या ब्रेंट भागातल्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत.

यात पेट्झवाल नावाचा एक प्रकार आहे. १८४० मध्ये आलेली ही चेहऱ्यांच्या फोटोंची लेन्स. मधला चेहरा धारदार आणि कडेचं सगळं भोवऱ्यासारखं फिरलेलं. डिजिटल फोटोंचा गुळगुळीतपणा बघून कंटाळलेल्या पिढीला हा दोषच आवडायला लागला. लोमोग्राफी कंपनीने २०१३ मध्ये नव्याने पेट्झवाल लेन्स बनवायला लोकांकडून पैसे मागितले आणि मागितल्याच्या कितीतरी पट, दहा लाखांहून जास्त डॉलर जमले. त्यामुळे मोठी, स्वच्छ काचेची जुनी पेट्झवाल सापडली तर ती एकटीच डब्यापेक्षा महाग असते.

हे व्यापाऱ्याला माहीत असतं, घरच्यांना नसतं. म्हणून "काका, डबा राहू द्या तुमच्याकडे आठवण म्हणून, नुसती पुढची नळी देता का?" असं कुणी गोड बोलून विचारलं, तर ती नळीच किंमत आहे असं समजायला हरकत नाही. आणि नळी गेल्यावर जो डबा उरतो, तो शेवटी एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर शोभेला जातो.

साहेबी कॅमेरा की देशी?

आपल्याकडे सापडणारा प्रत्येक लाकडी कॅमेरा इंग्लंडचा नसतो. इंग्रज कंपन्या भारतासाठी खास सागवानाचे, पितळी पट्ट्या ठोकलेले कॅमेरे बनवत, कारण इथल्या हवेत नुसत्या सरसावर जोडलेले सांधे सुटत. पण पुढे भारतातच कॅमेरे बनू लागले. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे केरळातल्या आलप्पुळा इथला 'वागीश्वरी'. १९४०च्या दशकात के. करुणाकरन यांनी तो बनवायला घेतला. त्यांच्या घरात वाद्यांची दुरुस्ती चालायची. हार्मोनियमचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता यांचं नातं तुम्हाला वर सांगितलंच, इथे ते अक्षरशः खरं ठरलं. हे कॅमेरे देशभरातल्या स्टुडिओंत पोहोचले.

परदेशी संग्राहकाच्या लेखी अशा कॅमेऱ्याला फार मोल नसतं, हे खरं. पण भारतीय फोटोग्राफीचा इतिहास सांगायचा तर गावोगावचे फोटो ज्या यंत्रावर निघाले ते हेच. लँकेस्टरचा कॅमेरा मँचेस्टरच्या संग्रहालयातही मिळेल, वागीश्वरी मिळणार नाही. त्यामुळे पाटीवर देशी नाव दिसलं म्हणून नाराज होऊन ती खरवडून काढू नका. असे प्रकार होतात, म्हणून सांगावं लागतं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे नकली. सजावटीसाठी बनवलेले 'अँटिक लूक' कॅमेरे ऑनलाइन सर्रास मिळतात. शोभेची वस्तू म्हणून घेतली तर त्यात काही गैर नाही, फक्त कुणी ती "शंभर वर्षांपूर्वीची" म्हणून विकू नये. ओळखायची कशी? मागे दुधी काच नसते किंवा असली तरी तिच्यावर चित्र पडत नाही. प्लेटची पेटी सरकवायला खाच नसते. भाता उघडत-मिटत नाही. आणि स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत आले. तसे स्क्रू असलेला कॅमेरा '१८९०चा' असूच शकत नाही, निदान तो भाग तरी नंतरचा आहे.

ब्रासो खाली ठेवा

जुनी वस्तू विकायची म्हटलं की घरातला कुणीतरी उत्साही माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो. दिवाळीत समया घासतात तसं पितळ घासतो, लाकडाला चकचकीत व्हार्निश मारतो, फाटक्या भात्यावर रेक्झिन चिकटवतो. संग्राहकाच्या नजरेत या एका दुपारीत निम्मी किंमत गेलेली असते. पितळावर मूळ लाखेचा पातळ थर असतो, तो ब्रासोने निघून जातो. लाकडावर चपड्याचं जुनं पॉलिश असतं. कारखान्याची पाटी, हाताने लिहिलेले आकडे, दुरुस्ती करणाऱ्याची खूण हे सगळं ओळख पटवायला लागतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकणं, एवढंच घरी करायचं काम.

मराठवाड्यातली हवाही इथे विचारात घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड आक्रसतं, सांधे उघडतात, भात्याचं चामडं पापडासारखं कडक होतं. मग पावसाळ्यात लेन्सवर बुरशीचे धागे चढतात. म्हणून पत्र्याखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. घरातली मधली, सावलीची, हवेशीर खोली बरी. आणि वर्षानुवर्षं बंद असलेला भाता एका झटक्यात ओढून उघडू नका, घड्यांवर फाटेल.

पूर्ण संच असणं हेही तितकंच महत्त्वाचं. प्लेटच्या लाकडी पेट्या, तिपाई, झाकण, चामड्याची बॅग, दुकानाची पावती. यातलं बरंच काही कॅमेऱ्यापासून दूर, दुसऱ्याच ट्रंकेत पडलेलं असतं आणि जळण म्हणून जातं. थॉर्नटन-पिकार्डच्या शटरला दोरी ओढून ताण द्यायची सोय असायची. ते शटर वेगळ्या लाकडी चौकटीत असतं, त्यामुळे "हे काय फळकूट" म्हणून फेकलं जातं.

खरा ऐवज शेजारच्या डब्यात

आता काचांकडे येऊ. स्टुडिओच्या सामानात जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत काचेच्या निगेटिव्ह असतात. भंगारात त्यांना काचेचा भाव येतो. पूर्वी तर रसायनाचा थर धुऊन त्या काचा फोटोफ्रेमला वापरल्या जात. पण एखाद्या गावातल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या लग्नांचे, कुस्तीच्या विजेत्यांचे, शाळेच्या वर्गांचे, वारलेल्या माणसांच्या शेवटच्या फोटोंचे मूळ पुरावे त्यात असतात. पुन्हा काढता येणार नाहीत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा आणि लोहारा भागातली घरं कोसळली, सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली. घरातल्या भिंतीवरचा फोटो गेला तर त्याची प्रत कुठून आणायची? स्टुडिओत निगेटिव्ह असली तरच.

किमतीच्या भाषेत बोलायचं तर कॅमेऱ्यासोबत त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या काचा, स्टुडिओची रजिस्टरं, शिक्के मारलेले पुठ्ठे असतील, तर ती वस्तू अनाथ राहत नाही. कुणी, कुठे, कधी वापरली हे सांगता येतं. पुठ्ठ्यावर उर्दूत छपाई असेल तर फोटो १९४८ पूर्वीच्या, निजामाच्या काळातला असण्याची शक्यता वाढते. हा फक्त संकेत आहे, पक्का पुरावा नव्हे. पण 'उस्मानाबाद' छापलंय एवढ्यावरून काही ठरवू नका, ते नाव अधिकृतपणे २०२३ पर्यंत होतंच.

काचा हाताळताना कडेने धरा, आडव्या थप्पीत न ठेवता वहीसारख्या उभ्या ठेवा, पाणी अजिबात लावू नका. मोबाईलवर बघायच्या तर सोपी युक्ती आहे. टॅबवर किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, काच तिच्यासमोर थोडी दूर धरा, फोटो काढा आणि एडिटिंगमध्ये रंग उलटे करा. समोर चेहरा येतो. एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. काचेऐवजी जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह असतील, पिवळ्या-तपकिरी पडून चिकट झाल्या असतील आणि उग्र वास येत असेल, तर ती नायट्रेट फिल्म असू शकते. ती भयंकर पेट घेते. स्वयंपाकघरापासून, उन्हापासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

विकायचं ठरलंच तर

"जुन्या नाण्याचे दहा लाख" छापाच्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध करावं लागलं होतं. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून भामटे शुल्क, कर, कमिशन उकळत होते. कॅमेऱ्याच्या बाबतीतही खूण तीच. जो विकत घेणारा आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो विकत घेणारा नसतो.

ऑनलाइन किंमत बघताना लोक आणखी एक घोळ करतात. जाहिरातीत लावलेला आकडा ही मालकाची इच्छा असते. वस्तू कितीला विकली गेली, तो खरा भाव. लिलाव कंपन्यांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे आकडे असतात, ते शोधा. आणि त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा, तशाच लेन्सचा कॅमेरा असला तरच तुलना करा.

कायदाही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, विज्ञान-कला-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. त्यामुळे "कुरियरने लंडनला पाठवा" म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी कॅमेरा शंभरीच्या अलीकडचा की पलीकडचा, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून स्पष्ट करून घ्या.

विकायचं नसेल तर? मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख १९७७ पासून कॅमेरे जमवत आले आणि ४,४२५ कॅमेऱ्यांसह त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांच्या संग्रहातून 'म्युझिओ कॅमेरा' हे संग्रहालय उभं राहिलं. आणि फार लांब जायला नको, तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात सापडणाऱ्या मूर्ती, मणी, खापरं जमवली. इतरांना तो उकिरड्यावरचा कचरा वाटत होता. आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे आणि रोमशी चाललेल्या व्यापाराचा अभ्यास करणारे लोक ते बघायला येतात.

स्टुडिओच्या कॅमेऱ्यांसाठी जिल्ह्यात तशी जागा अजून नाही. तोवर निदान एवढं करता येईल. कॅमेऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लेन्सवरचा नंबर आणि पाटीवरची अक्षरं वाचता येतील असे. घरात तो वापरलेला किंवा वापरताना पाहिलेला कुणी म्हातारा माणूस असेल, तर त्याला समोर बसवून मोबाईलवर बोलतं करा. कुठून आणला, कितीला घेतला, यात्रेत रोज किती फोटो व्हायचे, प्लेट कुठून यायच्या. ती फाईल कॅमेऱ्याच्या नावानेच जपून ठेवा आणि तिची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पाठवून द्या.